उंदरांपर्यंतच आलेलं औषध

मुलुंड

प्रिय आईस, श्रुतिकाचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. तू दिलेली आमसुलं रूमवरच्या मुलींनी संपवलीसुद्धा. तुला आता तिखट चालतं का? तोंड नीट उघडतं ना?

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहितेय. नितेशदादा म्हणाला, तू ऑपरेशनला नाही म्हणालीस. "माझ्या चेडवाचा औषध येतला, मगे कापूचा कित्याक?" म्हणजे लेकीचं औषध येणारच आहे, मग कापायचं कशाला!

आई, चूक माझी आहे. गणपतीत आरतीनंतर सगळ्या बायकांसमोर मीच फुशारकी मारली. आमच्या लॅबमध्ये औषध धुळीहून बारीक कणांत भरतात, ते थेट गालातल्या गाठीत शिरतं, केससुद्धा गळत नाहीत. पण ते अजून उंदरांनाच देतोय गं. माणसांना मिळायला कित्येक वर्षं लागतील, कदाचित मिळणारही नाही. एवढंच बोलायचं राहिलं, कारण तू कौतुकाने सगळ्यांकडे बघत होतीस.

तुझी गाठ तोवर थांबणार नाही. सोमवारी दादाबरोबर ऑपरेशनसाठी इकडे यायला निघ, मी रजा टाकलीय. मिश्रीचा डबा तेवढा घरीच ठेव.

बायकांनी विचारलं तर सांग, लेकीनेच कापून घ्यायला सांगितलं.

तुझीच,
श्रुतिका