उजवा दिवा

पोलादपूर,
सोमवार, डिसेंबर १९८३

प्रिय शिरपा,

तुझ्या ठमाआजीचे पोटभर आशीर्वाद. पोटभर म्हणते, कारण मुंबईला गेल्यापासून तू वेळेवर जेवतोस असं तुझ्या एकाही पत्रात आलेलं नाही. पत्रात सगळं त्या मोटारीचंच खाणंपिणं. तिला गरम सोसत नाही, तिला थंड लागतं, तिला अमुक पचतं, तमुक पचत नाही. एवढे लाड तुझ्या आयशीने तुझेसुद्धा केले नव्हते रे.

बोलते आहे मी आणि लिहितोय माझा मालू, तुझा बापूस. दुसरं कोण लिहिणार? ह्या घरात अक्षर येतं ते त्या एकालाच. मी नाय म्हटलं की तो नाही लिहितो, सातवी झालाय ना! तेव्हा बोलणं माझं आणि इस्त्री त्याची, असं समजून वाच. बसताना त्याने अट घातली, की आये, तू सांगशील तेवढंच लिहीन, माझ्या पदरचं काही घालणार नाही. मी म्हटलं, तू काय घालणार, दोन वर्षांत पोराच्या नावाने एक शब्द तुझ्या तोंडातून सांडला नाही. हेही लिही म्हटलं. लिहिलंन का बघ.

इकडे सगळं ठीक आहे. भात झोडून झालं. तुझ्या आयशीचा गुडघा थंडीने धरलाय, तरी उखळीपाशी जायची ती जातेच. आंबेनळी घाटाच्या वळणांवरचे दगड चुन्याने पांढरे केलेत, तुमच्या रविवारच्या शर्यतीसाठी. सगळा गाव कडेच्या उतारावर बसून मोटारी बघणार म्हणतो. मोटारी एकेक करून सोडणार आणि कोण किती वेळात वर पोचलं ते घड्याळावर बघणार, असं मी शेजारच्या बनुबाईला समजावून सांगितलं. ती म्हणते, मग वर पोचल्यावर काय देतात? मी म्हटलं, कप देतात. तर म्हणते, एवढा घाट चढून नुसता कप, आणि चहा? आता तूच सांग तिला काय सांगायचं ते.

हसून घेतलंस ना? आता नीट बस. तीन दिवस झाले, रस्त्यावरून ट्रक गेला तरी हातातलं काम थांबतं. तुझं मागलं पत्र आलं तेव्हापासून असं झालंय.

ते पत्र तुझ्या बापसाने ओट्यावर बसून वाचून दाखवलं. दर वेळी वाचतो तसंच, रेडिओवरच्या बातम्यांसारखं, चढ नाही, उतार नाही. तुझ्या शेटची ती लाल, बुटकी, दोनच माणसांची विलायती मोटार. सपाटीवर वाऱ्यासारखी पळते आणि खंडाळ्याच्या चढावर नेऊन बघितलीस तर मध्येच दम टाकते. का, तर तिचं इंजिन श्वास घेतं तो बॉनेटच्या आतला, रेडिएटरवरून तापून आलेला. तापलेली हवा पातळ, तिच्यात जाळ धरायला जोर नाही. चढावर वेग कमी, म्हणून आतली गरमी बाहेर निघत नाही, आणि नेमका जोर लागतो तेव्हाच इंजिन गुदमरतं. म्हणून तू पुढचा उजवा दिवा काढलास, त्याच्या भोकात पत्र्याचं नरसाळं बसवलंस आणि तिथून जाड नळी थेट कार्बोरेटरच्या तोंडाला लावलीस, की बाहेरची थंड हवा सरळ पोटात. हे मला सगळं कळलं. जन्मभर चुलीच्या तोंडाशी बसलेल्या बाईला गरम हवेत दम लागतो हे मुंबईहून कुणी कळवायला नको. नि तुला थंडच हवा हवी होती तर एवढं पत्र्याचं काम कशाला केलंस? मार्गशीर्षात आमच्या पडवीत निजायला यायचं, फुकट मिळाली असती.

पण त्या पत्राच्या मागे तू पेन्सिलीने आकृती काढली होतीस. नळी कुठून वळते, जाळी कुठे, हवा कुठून शिरते, सगळीकडे बाण आणि बाणांच्या टोकाला नावं. शिरपा, खरं सांग, ही आकृती तू माझ्यासाठी काढलीस होय रे? मला तर ती भोपळ्याच्या वेलासारखी दिसली, आणि तीही मी उलटी धरली होती असं तुझी आय म्हणते. पाकिटावर नाव ठमाबाईचं घालायचं, जिला अक्षराचा गंध नाही, आणि आत पाइपाचा घेर किती इंच ते लिहायचं. वाचणारा ह्या घरात कोण आहे हे तुला ठाऊक, आणि ते कुणाला सांगायचं म्हणून लिहिलंय हे वाचणाऱ्याला ठाऊक. दोघांच्या मध्ये मी आपली टपालाची पेटी. बरं, पेटीला बोलता येतं हे दोघेही विसरलात.

तुझ्या बापसाने ती आकृती उजेडात नेली. नळीवरून बोट फिरवत फिरवत गेला आणि आपल्याशीच म्हणाला, एकच वळण ठेवलंन, बरं केलंन. ऐकलंस? मी ऐकलं नाही असं दाखवलं, नाहीतर तेवढंही परत गिळलं असतंन. मग बोट नळीच्या टोकाला, त्या नरसाळ्यापाशी गेलं आणि तिथेच राहिलं. उजवा, म्हणाला. पत्र उलटून शेवटच्या ओळी परत वाचल्या. शुक्रवारी संध्याकाळी गराज बंद झालं की तू एकटाच गाडी घेऊन निघणार, रात्रभर चालवत येणार, कारण शनिवारी सकाळी पोलादपूरला सगळ्या गाड्या तपासायच्या आहेत. शेट मागाहून आपल्या अँबेसिडरने येणार. दिव्याची वाटीच कापून काढली, नरसाळं रिव्हेटने ठोकलं, आता दिवा परत बसत नाही. आणि खाली लिहिलंस, एका दिव्याने काय होतंय, रस्ता पायाखालचा आहे. पत्राची घडी घालून तो उठला आणि गोठ्यात जाऊन बसला. जेवायला हाका मारल्या तर आला नाही.

तुला वाटेल म्हातारीला अंधाराची भीती वाटते. तुला रस्ता दिसणार नाही ह्याची भीती मला नाही. तुझे डोळे चांगले आहेत. समोरून येणाऱ्याला तू दिसणार नाहीस, त्याची भीती आहे. नुसता डावा दिवा पेटलेली मोटार समोरच्याला मोटार दिसत नाही रे, फटफटी दिसते. आपल्या कडेने जाणारी फटफटी. तो तिला फटफटीपुरती वाट देतो. आणि तुझी मोटार तर त्या दिव्याच्या उजवीकडे असते, काळोखात, त्याच्या बाजूला. आणि तूही त्याच बाजूला बसलेला.

हे मला कसं ठाऊक, ते आता सांगते. मालू, लिही. पेन खाली ठेवू नको.

तू जाताना ओट्यावर उभा राहून बोललास ते अजून ह्या घरात आहे. बाबा, तुम्ही भ्यालात म्हणून स्टेअरिंग सोडलंत, आता मला भिववू नका, असं बोललास. हा मोटारीच्या धंद्यात जाऊ नको म्हणत होता, म्हणून. त्याने उत्तर दिलं नाही. तुला वाटलं, उत्तर नव्हतं. तुला लहानपणी सांगितलं होतं की लॉरीचा ब्रेक फेल झाला, अपघात झाला आणि बाबांनी काम सोडलं. ब्रेकला काही झालं नव्हतं. तू तेव्हा पाच वर्षांचा, तुला काय सांगणार होतो, आणि पुढे सांगायचं ते राहूनच गेलं.

तो भाताची पोती घेऊन कशेडी घाट उतरत होता. काळोख पडलेला. वळणावर समोरून एक दिवा आला, पलीकडच्या कडेला. फटफटी, म्हणून त्याने आपली वाट सोडली नाही, तिला पुरेल एवढी जागा ठेवली. ती जीप होती. तिचा उजवा दिवा फुटलेला. काळोखातली अर्धी जीप लॉरीच्या तोंडाशी आली तेव्हा ह्याला ती दिसली.

इथे तो थांबला होता. पाणी प्यायला उठला. आता परत बसलाय. लिहितोय.

जीप चालवणारा वीस-बावीस वर्षांचा पोर होता. जीप त्याची नव्हती, मालकाची. तुझ्या बापसाने त्याला पोत्यांवर निजवलं, क्लीनरला त्याच्यापाशी बसवलं आणि त्याच लॉरीतून महाडला नेलं. तो पोर वाटेत बोलत होता. हे मला तुझ्या बापसाने एकदाच सांगितलंय, परत कधी नाही. तो म्हणत होता, मालकाला सांगू नका, दिवा उद्या बसवणारच होतो. महाडच्या अलीकडे त्याचं बोलणं बंद झालं. पुढे कोर्टाने तुझ्या बापसाची चूक नाही म्हणून सोडलं, कागद मिळाला. ह्याने कागद घेतला आणि लॉरीची चावी मालकाच्या गादीवर ठेवून चालत घरी आला. तेव्हापासून स्टेअरिंगला हात नाही. ह्याला भिणं म्हणायचं असेल तर तू म्हण. मी त्याची आय आहे, मी दुसरं काही म्हणते, पण ते लिहायला सांगितलं तर तो लिहिणार नाही.

म्हणून सांगते, तुझ्या मोटारीला थंड हवा मिळाली, बरं झालं. रविवारी उजेडात, मोकळ्या रस्त्यावर ती एका डोळ्याची असली तरी हरकत नाही, समोरून कुणी यायचं नाही. पण शुक्रवारी रात्री माणगावापासून महाडापर्यंत किती ट्रक भेटतील तुला? त्यातला कोण दमलेला, कोण घरच्या ओढीने निघालेला. मला तुझी काळजी आहेच. पण मी तर त्या ट्रकवाल्याचीसुद्धा काळजी करत बसलेय, जो तुला फटफटी समजेल. त्यालाही आय असेल, आणि पुढची पंधरा वर्षं तिला त्याच्या समोर बसून जेवावं लागेल.

मी म्हटलं होतं, पोराला कळव की शनिवारी पहाटे उजेड बघून निघ. तर तुझा बापूस म्हणतो, पहाटे निघून तपासणीला पोचायचा नाही, आणि नोकर माणूस शेटला नाही कसं म्हणेल. तुझी बाजू घेतलीन, बघ! मग काल सकाळी न सांगता महाडला गेला आणि भंगारवाल्याकडून कुठल्याशा गाडीचा दिवा घेऊन आला. अख्खा, काचेसकट. दिवसभर पुसत होता. तुझ्या नरसाळ्याला हात लावायचा नाही, बंपरच्या उजव्या टोकाला पट्टीने हा दिवा आवळायचा, तार डाव्या दिव्यावरून घ्यायची, आणि पोलादपूरला पोचलास की सोडून ठेवायचा, असं त्याचं म्हणणं. हवेच्या वाटेत येणार नाही म्हणतो. तुझ्या आकृतीवर ठेवून बघितलंन.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. हे मी लिहायला लावलं असं तुला वाटत असेल. तसं नाही. पत्र आल्यावर दुसऱ्या दिवसापासून तो कागद घेऊन बसायचा, वर प्रिय लिहायचा आणि कागद चुलीत घालायचा. शेवटी आज माझ्यापाशी येऊन म्हणाला, आये, तू सांग, मी लिहितो. तेव्हा तोंड माझं, पण पत्र त्याचं आहे. उद्या सकाळच्या एस.टी.ने शेजारचा चांगू मुंबईला येतोय, त्याच्या हाती हे पाठवते. आणि गुरुवारी दुपारच्या गाडीने तुझा बापूस निघतोय. दिवा घेऊन. शुक्रवारी तुझ्या शेजारच्या सीटवर बसून येणार. पंधरा वर्षांत हा माणूस कुठल्याही गाडीत पुढे बसलेला नाही, एस.टी.त मागच्या बाकावर पाठ टेकून डोळे मिटून घेतो. वाटेत त्याला काही विचारू नको, तो सांगायचा नाही. गाडी बाजूला घे म्हणाला तर मात्र घे, का म्हणून विचारत बसू नको. मी त्याला म्हटलं, अरे, चांगू उद्या जातोच आहे, दिवा त्याच्या हाती दिलास तर तुझी खेप वाचेल. तर म्हणतो, नको, पोराला तो नीट बांधता येणार नाय. तुला! मुंबईतल्या गराजवाल्याला! मी गप बसले. तूही गप बस, आणि त्याला बांधू दे.

तुझीच, शनिवारी सकाळपासून ओट्यावर बसून असणारी,
ठमाआजी