चरबीचा वाटा

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मटणाचा वास आला की आधी तुमचा आवाज कानात येतो. आखाडाच्या शेवटच्या रविवारी आपल्या भावकीत बोकड पडायचा. चाकणच्या कंपनीतली शिफ्ट बुडवून तुम्ही स्वतः सुरा धरायचात. पळसाच्या पानांवर सारखे वाटे घालायचे आणि प्रत्येक वाट्यावर चरबीचा तुकडा ठेवायचा, हा मान तुमचा. तुमच्या शेवटच्या आखाडाच्या वर्षी कंपनीच्या तपासणीत तुमचं कोलेस्ट्रॉल वाढलेलं निघालं होतं. डॉक्टरांनी तेल, चरबी बंद सांगितली. आईनं ते मनावर घेतलं आणि तिथंच, सगळ्या भावकीसमोर म्हणाली, "आमच्या वाट्यातली चरबी दुसऱ्या कुणाला घाला. ह्यांना चालत न्हाई."

चुलते हसले. "मग दादाला वाटा कशाला? पेज पाजा की."

हेच ती घरी बोलली असती तर कदाचित निभावलं असतं. वाट्यावर उभं राहून चालत नाही म्हणायचं, म्हणजे घरचा कर्ता खचला, असं आपल्यात समजतात. तुम्ही उरलेले वाटे घातलेत. घरी येऊन रस्सा उकळेपर्यंत चुलीजवळ बसून राहिलात. आई वरची तर्री पळीनं काढायला लागली तसं तुम्ही पातेलं उचललंत, फडकं न घेता, नुसत्या हातांनी, आणि तिच्या पायांवर ओतलंत. कातडी सोलून निघाली. ती ओरडली म्हणून केस धरून तोंडावर मारलंत. "मी मेलो न्हाई अजून. कळलं का?" मी मधे पडलो तर बरगडीत लाथ बसली. त्यानंतर तुम्ही मुद्दाम रोज तर्री ओरपलीत, आमच्याकडं बघत. पुढचा आखाड यायच्या आत कंपनीच्या गेटवर पडलात ते उठलाच नाहीत. मला रडू आलं नाही, आबा. घर शांत झालं याचंच बरं वाटलं.

आता माझाही रिपोर्ट तसाच आलाय. पिंपरीच्या डॉक्टरांनी गोळी न देता आधी खाणं सुधारा म्हणून सांगितलं. शिफ्टच्या आधी चालतो, कॅन्टीनचा वडापाव सोडून फुटाणे खातो. गेल्या रविवारी ओव्हरटाइम करून आलो, तर बायकोनं तर्री काढून पांढराफटक रस्सा वाढला होता. डोकंच फिरलं. ताट उचललं. खोटं कशाला बोलू, तिला हाणायलाच उचललं होतं. कॉटवर बसलेल्या आईनं दोन्ही पाय वर ओढून पदराखाली घेतले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बायको जागची हलली नाही. "हाणा. पण मी आईंसारखी गप बसायची न्हाई, आधीच सांगते."

मी ताट खाली ठेवलं. जेवलो. आई पाय खाली सोडेल म्हणून वाट बघत बसलो, पण तिनं ते झोपेपर्यंत सोडले नाहीत.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून एक लिहून ठेवतो. डॉक्टर दर वेळी विचारतात, वडिलांना काय त्रास होता? मी हृदयाचा म्हणून सांगतो. रागाचं अजून एकदाही सांगितलेलं नाही.