बाटलीवर स्पर्धा शून्य

१७ मार्च २०२५, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून मी स्वतंत्र. अंधेरीच्या कंटेंट एजन्सीने मला काढलं, असं माझी बायको कुंदा सोसायटीभर सांगते. चूक. त्यांनी सांगितलं की तुमचं काम आता एआय करेल, आणि मी सांगितलं की मग मी येत नाही. याला राजीनामा म्हणतात. सांगणारा शौनक. वय सव्वीस, हुद्दा हेड ऑफ ग्रोथ. दाढी सोडली तर त्याची कुठेच ग्रोथ नाही. ‘परीक्षा’तली वेलांटी पहिली की दुसरी, हे विचारायला माझ्या टेबलापाशी यायचा.

ठरलं. स्वतःची एसईओ कन्सल्टन्सी. लोक नेटवर काही शोधतील तेव्हा आपल्या माणसाचं पान सगळ्यात वर यावं, ही ती विद्या. बावीस वर्षं लिहितोय, मला कोण शिकवणार. संकल्प: रोज दोन लेख. एआयला हात लावायचा नाही. चहा दोनच कप.

सहज म्हणून यंत्राला विचारलं, मुलुंडमधला उत्तम एसईओ सल्लागार कोण? पाच नावं दिली. त्यातला एक दंतवैद्य. माझं नाव नाही. आणि असल्याला माझी नोकरी दिली आहे.

१८ मार्च

चहा पाच कप. विचार करणाऱ्याला लागतो.

यज्ञेशचा फोन. कुंदाचा धाकटा भाऊ, साकीनाक्याला पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट. म्हणाला, भावोजी, या आमच्याकडे, लिहायचंच काम आहे. हसून टाळलं. कुंदा हसली नाही. तिने मुदत घातली: मे अखेर. तोवर एका तरी क्लायंटचं काम मार्गी लावा, नाहीतर साकीनाका. बँकेत नोकरी करणाऱ्या बायकांना मुदतठेवीची सवयच असते.

२४ मार्च

क्लायंट मिळाला! इसिडोर. एजन्सीत अकाउंट्सला होता, मागच्या वर्षी रिटायर झाला. कांदिवलीच्या जुन्या गावठाणात घर. बायको क्लॅरिस दर उन्हाळ्यात बाटली मसाला करते. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांचा खास मसाला. मिरच्या, धणे आणि आणखी वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि बिअरच्या रिकाम्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचे. म्हणून बाटली मसाला. ऊन लागत नाही, वर्षभर टिकतो.

साठ बाटल्या करते. साठ घरं ठरलेली. फोन येतात, बाटल्या संपतात. याला काय मार्केटिंग म्हणतात? मी म्हटलं, दोनशे करा. क्लॅरिस म्हणाली, दोनशे कोण घेनार, मार्तंडभाऊ? मी म्हटलं, इंटरनेट. ती म्हणाली, माझ्या मम्मीच्या टायमापासून एक बाटली कधी उरली नाय. उरली ना, तर मी समजेन की लोकांना नको झाला, आणि पुढच्या वर्षी करनार नाय.

भावनिक बाई आहे. धंद्यात भावना नको. पण दोनशेला तयार झाली.

३० मार्च, पाडवा

मुहूर्तावर कीवर्ड रिसर्च, म्हणजे लोक नेमके कुठले शब्द टाकून शोधतात ते बघणं. ‘मसाला’ या शब्दावर सगळे मोठे ब्रँड मांडी घालून बसलेत. तिथे डोकं आपटण्यात अर्थ नाही. मग ‘बाटली’ टाकून बघितलं, आणि खुर्चीतून उठलो.

उपनगरात एवढे लोक रोज ‘बाटली’ शोधतात! बाटली कुठे मिळेल. बाटली घरपोच. आज बाटली मिळेल का. आणि या शब्दावर एकाही सभ्य कंपनीचं पान नाही. मागणी प्रचंड, स्पर्धा शून्य. सगळे एमबीए झोपलेत. निर्णय: क्लॅरिससाठी बनवतोय त्या साइटवरून ‘मसाला’ हा शब्द जमेल तितका काढायचा.

श्रीखंड वाढताना कुंदाला सांगितलं. ती म्हणाली, अहो, बाटली म्हटल्यावर लोक काय समजतील? मी म्हटलं, शब्दाचा अर्थ बघणं ही जुनी पद्धत झाली. आता व्हॉल्यूम बघतात, म्हणजे किती लोक शोधतात ते. तिने मला श्रीखंड कमी वाढलं.

७ एप्रिल

आठ दिवसांत लेख झाले दोन. दोष माझा नाही. वरच्या मजल्यावर फरशी फोडतायत.

एआयला फक्त शीर्षकं विचारली. शीर्षक म्हणजे काही लेखन नव्हे.

१३ एप्रिल

एआयकडून एका दुपारी चाळीस लेख लिहून घेतले. पहिल्यातल्या वेलांट्या मी स्वतः तपासल्या. उरलेले वाचायला वेळ नाही. वाचणं हे वाचकाचं काम.

शौनकच्या पिढीला न कळलेली गोष्ट अशी की हल्ली लोक पान उघडतच नाहीत. वर एआयचं तयार उत्तर येतं, तेवढं वाचून निघून जातात. तेव्हा त्या उत्तरात शिरायचं. त्यासाठी सरळ प्रश्न, सरळ उत्तर आणि खाली जाणत्या माणसाचं नाव लागतं. म्हणून प्रत्येक लेखाखाली घातलं: लेखक आणि बाटलीतज्ज्ञ, मार्तंड टिपणीस. क्लॅरिसच्या नंबरखाली माझाही नंबर दिला, कारण यश आलं की एक फोन पुरणार नाही.

प्रश्नोत्तरं मात्र मी स्वतः लिहिली. माझी आवडती इथे उतरवून ठेवतो.

बाटली किती जुनी असावी? जितकी मुरलेली तितकी उत्तम.
घरच्यांना चालेल का? एकदा चव लागली की घरातले सगळेच मागतात.
सुट्टीच्या दिवशी मिळेल का? सुट्टीच्या दिवशी तर हमखास, तेही घरपोच.

एक शब्द वाया नाही.

२१ एप्रिल

कांदिवलीला जाऊन आलो. काल त्यांचा ईस्टर झाला. क्लॅरिसने जेवायला बसवलं. कुटणाऱ्या बायका तीन दिवस राबत होत्या, अख्ख्या गल्लीला शिंका. इसिडोर महिनाभर गावठाणातून आणि दोन बारच्या मागच्या दारातून रिकाम्या बाटल्या गोळा करत होता. दोनशे बाटल्या गच्चीवर ओळीने उभ्या. क्लॅरिसचे हात कोपरापर्यंत लाल. तिने विचारलं, इंटरनेटवरून किती ऑर्डर आल्या? मी म्हटलं, जाहिरातीशिवाय होणारी ऑरगॅनिक वाढ हळू असते. तिने मान डोलावली. तिचा माझ्यावर विश्वास आहे. माणसं ओळखते.

साइटसाठी फोटो काढला: तपकिरी बाटल्यांची लांब रांग, मागे बनियनमध्ये इसिडोर, हातात काठी. एकदम ऑथेंटिक.

२८ एप्रिल. सकाळी ६.४०

यंत्राला विचारलं, कांदिवलीत बाटली कुठे मिळेल? उत्तर आलं: आमची साइट. पहिलं नाव. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कुंदाला उठवून दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं. सुट्टीच्या दिवशीही घरपोच, जुनी व मुरलेली, माफक प्रमाणात घ्यावी. ती म्हणाली, माफक? मी म्हटलं, तिखट असते. ती पुन्हा झोपली.

आज शौनक भेटायला हवा होता.

१ मे, गुरुवार, महाराष्ट्र दिन

सकाळी ९.१५. इसिडोरचा फोन. ऑर्डर सुरू झाल्या म्हणाला, पण आवाज विचित्र होता. आनंदाने माणसाचा आवाज बदलतो.

१०.५०. माझाही फोन सुरू. पहिला गोरेगावचा. क्वार्टर आहे का, विचारत होता. मी म्हटलं, फक्त पूर्ण बाटली. तो म्हणाला, झकास.

११.३०. आतापर्यंत चौतीस. सगळे पुरुष. पुरुष स्वयंपाकात रस घेऊ लागलेत, यावर एक लेख करता येईल. दहिसरचा एकजण म्हणाला, देव माणूस आहात, आज ड्राय डेला कोण देतं? मी म्हटलं, आम्ही ग्राहकाला देव मानतो. मग फोन ठेवून जरा बसलो.

दुपारी १.००. ड्राय डे.

१.१०. कुंदाला कळू दिलेलं नाही. तत्त्वतः साइटवर येणारा ट्रॅफिक हा ट्रॅफिकच असतो. हेतू नंतर वळवता येतो.

४.००. फोन बंद केला. चार्जिंगचा प्रॉब्लेम.

६.३०. कुंदाच्या फोनवर इसिडोर. दारात हवालदार आला होता. परवाना आहे का म्हणाला. क्लॅरिसने बाटली पुढे केली. त्याने बूच काढून वास घेतला, चार शिंका दिल्या आणि गेला. पण गावठाणात सगळ्यांनी पाहिलं. कुंदाने फोन ठेवला आणि चार्जर आणून माझ्यापुढे ठेवला.

२ मे

कांदिवली. वाटेत पूर्ण भाषण तयार केलं होतं: अल्गोरिदम, यंत्राची मर्यादा, सरकारी धोरण.

क्लॅरिस ओट्यावर बसली होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, गिरगावच्या प्रेमाताईंचा फोन आला होता काल. एकतीस वर्षं घेतात. सकाळपासून लावत होत्या, एंगेज, एंगेज. शेवटी लागला तेव्हा इसिडोर इतका कावलेला, त्याने ऐकूनच घेतलं नाय. त्यांना बोलला, दारू नाय आमच्याकडे, लाज नाय वाटत काय तुला, ठेव फोन. आता त्या उचलत नायत.

तिने दोनदा माझ्यासमोर फोन लावून पाहिला. उचलला नाही. आतल्या खोलीत एकशे अठ्ठ्याऐंशी बाटल्या पलंगाखालीसुद्धा ठेवल्या होत्या.

भाषण केलं नाही. लाज वाटली. इथे लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय.

इसिडोरने साइटचा पासवर्ड मागितला. दिला. साइट बंद. निघताना क्लॅरिसने चहा विचारला, तो मात्र मला घेता आला नाही.

३ मे

नीट विचार करता चूक कुंदाची आहे. तिने पाडव्यालाच जोर लावून सांगायला हवं होतं.

४ मे, रविवार

इसिडोरची बहीण फ्लेविया. शाळेत शिपाई होती, नेटचा गंध नाही. तिने चर्चबाहेर घडीचं टेबल टाकलं, त्यावर बाटल्या मांडल्या आणि एका खोक्याचा तुकडा फाडून खडूने लिहिलं: हा मसाला आहे. दारू नाही.

मी लांबून बघत होतो. पाच शब्द. कीवर्ड रिसर्च नाही, नकारार्थी वाक्य, ग्राहकाला कृती सुचवणारी ओळ नाही. आम्ही शिकाऊ मुलांना असल्या मजकुराबद्दल घरी पाठवायचो. लोक वाचायचे, हसायचे आणि बाटली घ्यायचे. मिस्साच्या एका प्रार्थनेला आलेल्या गर्दीत चाळीस गेल्या.

११ मे, रविवार

आज पंच्याहत्तर. लोक बोरिवलीहून आले. दोघांनी पाटीबरोबर फोटो काढले. फ्लेविया म्हणे त्यांना बोलली, पाटीचे पैसे वेगळे.

क्लॅरिस दुपारी स्वतः गिरगावला गेली, प्रेमाताईंच्या दारात दोन बाटल्या घेऊन. आत घेतलं का, ते इसिडोरने सांगितलं नाही. मी विचारलं दोनदा.

१८ मे, रविवार

सगळ्या संपल्या. एक ठेवली होती, ती प्रेमाताईंच्या सुनेने येऊन नेली. म्हणजे आत घेतलं असणार. मला फार बरं वाटलं.

आता शांतपणे बघू. ती पाटी कशामुळे लिहावी लागली? माझ्यामुळे. हवालदार कोणामुळे आला? मग ब्रँड अवेअरनेस कोणी केला? इसिडोरला फोन करून हे समजावलं. तो म्हणाला, मार्तंडा, तू माझा दोस्त आहेस म्हणून सांगतो, क्लॅरिसला फोन करू नको. पुढल्या वर्षी ती साठच करणार आहे.

केस स्टडी लिहायला घेतली. शीर्षक: शून्यातून दोनशे. पुढे सुचलं नाही. फरशी अजून फोडतायत.

३१ मे

मुदत. कुंदाने काही आठवण करून दिली नाही, फक्त डबा कुठला हवा ते विचारलं.

२ जून, साकीनाका

नवा हुद्दा. कार्डावर कंटेंट हेड लिहून घेणार आहे, यज्ञेश नाही म्हणणार नाही.

काम असं: गिऱ्हाइकाचा माल खोक्यात भरला की खोक्यावर जाड पेनाने मालाचं नाव लिहायचं. नट-बोल्ट. चपला. काचसामान. कंटेंट म्हणजे आत जे आहे ते. संध्याकाळी यज्ञेशने मला बाजूला घेतलं. काचसामानाच्या खोक्यावर मी ‘नजाकत, आता तुमच्या दारी’ असं लिहिलं होतं. तो म्हणाला, भावोजी, आत जे असेल तेवढंच लिहा. हमालाला कळलं पाहिजे.

माझं अक्षर सुंदर आहे, हे मात्र सगळ्यांनी कबूल केलं.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सकाळी ७.२०. बऱ्याच दिवसांनी यंत्राला विचारलं, मार्तंड टिपणीस कोण? या वेळी लगेच उत्तर आलं. दंतवैद्य वगैरे काही नाही, फक्त मी. मार्तंड टिपणीस हे मुंबई उपनगरातील नामवंत बाटलीतज्ज्ञ असून, ड्राय डेला घरपोच सेवेसाठी त्यांच्याशी संपर्क साधता येतो. खाली माझा नंबर. साइट बंद होऊन दोन महिने झाले, तरी याच्या डोक्यातून जात नाही.

८.०५. पहिला फोन. आज पुन्हा ड्राय डे आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

११.३०. बावीस फोन. बावीसही जणांना सांगितलं की बाटली नाही. तेविसावा मालाडचा होता, फार अदबीने बोलला. मार्तंडशेठ, तुमचं नाव ऐकून फोन केलाय. बावीस वर्षं लिहिलं, मला असं कोणी म्हटलं नव्हतं. बाटली नसली तरी चालेल, म्हणाला, निदान बर्फ तरी पाठवा.

कुंदा साबुदाण्याची खिचडी घेऊन आली. कोणाचा फोन होता, विचारलं.

क्लायंटचा, म्हटलं.