व्यंकटरावांच्या तळव्यावरचा डाग

१२ नोव्हेंबर १९८८, जिंतूर
आज सकाळी व्यंकटरावांच्या ओसरीवर माझं आयुष्य पालटलं. चहा अर्धा प्यालो होतो. ते म्हणाले, आमच्या सुमनचं जमलं बरं का, परभणीचा डॉक्टर हाय, चामडीचा. मी म्हणालो, काका, मीही मेडिकललाच होतो. तर म्हणतात, होतास. अर्ध्यात कॉलेज सोडणाऱ्याला पोरगी दिली तर तो संसारबी अर्ध्यात सोडल. सगळी ओसरी हसली. आत बांगड्या वाजल्या. म्हणजे सुमन रडत असणार.
कॉलेज मी सोडलं ते सुमनच्या विरहापायी. अ‍ॅनाटॉमी दोनदा राहिली हा योगायोग.
संकल्प: सूड. कसा, ते ठरायचंय.
उठताना उजवी टाच उंबऱ्याला लागली. गेल्या वर्षी पोळ्याला तिथं सराट्याचा काटा मोडला होता. मायनं तो काढून बिब्ब्याचा चटका दिला. काळा डाग अजून आहे. बिब्बा कसला, व्यंकटरावांसारखाच चिवट.

१५ नोव्हेंबर, दुपारी
सापडला. सूड आयताच सापडला.
मुंजाजीच्या हॉटेलात बसलो होतो. रस्त्यापलीकडं व्यंकटराव मांडीवर पाय टाकून पेपर वाचत होते. डाव्या तळव्यावर काळा डाग. घरी येऊन पुस्तक काढलं. मेलॅनोमा. त्वचेचा सगळ्यात वंगाळ कॅन्सर. आपल्या सावळ्या लोकांत तळपायाला होतो. डागाच्या दोन बाजू सारख्या नसतात, कड फाटकी, रंग एकसारखा नाही, पेन्सिलीच्या बुडापेक्षा मोठा, आणि वाढत जातो. पाचही लक्षणं जुळली. रस्त्याच्या ह्या बाजूनं एवढं दिसणं, ह्याला नजर लागते.
उपचार पुढच्या पानावर आहे. तिथपर्यंत पोचलो नव्हतो, तेवढ्यात कॉलेज सुटलं.
संकल्प: कुणाला सांगायचं नाही. जाऊ दे म्हाताऱ्याला.

१६ नोव्हेंबर
म्हातारा गेला तर सुमन रडेल. शिवाय वर्षाच्या आत उरकायचं म्हणून लग्न लगेच लावतील. हे चालणार नाही.
नवा प्लॅन. साखरपुड्यातच चारचौघांत सांगायचं. चामडीचा डॉक्टर तिथंच असेल. होणाऱ्या सासऱ्याच्या पायाला मरण चिकटलंय आणि हा पेढे खातोय. डॉक्टर तोंडावर पडणार, व्यंकटराव माझे पाय धरणार, सुमन माझी. उपचार मी तोवर वाचून ठेवीन.

२० नोव्हेंबर
मुंजाजीला विश्वासात घेतलं. चूक झाली. म्हणाला, काय उगं त्यांच्या पायाकडं बघायलास, तुझ्याबी टाचेला तसलाच डाग हाय की. मी समजावलं, गड्या, हा बिब्बा आहे, शिकलेल्या माणसाला फरक कळतो. तो म्हणाला, शिकलेल्या का अर्धवट शिकलेल्या? ह्याचंही नाव सुडाच्या यादीत घेतलं.
तुलनेसाठी स्वतःचा डाग मोजला. पेन्सिलीच्या बुडापेक्षा मोठा, कडेला निळसर. बिब्बा पसरतोच. चप्पल चावते म्हणून जरा रक्त येतं. नवी चप्पल घ्यायला हवी.

२४ नोव्हेंबर
परभणीला जाऊन मोठ्या पुस्तकात उपचार बघणार होतो. विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद आहे, एस्टी नाही. पुस्तक घरातही आहे, पण वाचायला मूड लागतो.

२७ नोव्हेंबर, साखरपुडा
सगळं लिहितो.
मांडवात उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं, व्यंकटरावांना कॅन्सर आहे. व्यंकटरावांचा चेहरा उतरला. तेवढं सुख मिळालं.
डॉक्टर दिनकर चिडला नाही. ही त्याची चाल. म्हणाला, काका, पाय स्टुलावर ठेवा, असला डाग बघूनच घ्यावा. कधीपासून आहे? व्यंकटरावांची बहीण तानुबाई पुढं झाली. म्हणाली, दसऱ्याला काटा मोडला, मीच बिब्बा लावला की. डॉक्टरनं नवं ब्लेड मागवलं, स्पिरिट लावलं, वरची घट्ट कातडी हळूहळू तासली. काळं सगळं तिच्याबरोबर निघून आलं. खाली गुलाबी तळवा, लेकराचा असावा तसा.
मांडव हसला. व्यंकटराव म्हणाले, बन्सी, तुझं कॉलेज सुटलं ते लय बेस झालं, न्हाईतर निम्मं जिंतूर मसणात गेलं असतं.
माझं डोकं फिरलं. म्हणालो, बिब्बा मला शिकवता? खरा बिब्बा असा असतो. आणि माझी टाच स्टुलावर आपटली.
डॉक्टरनं दुसरं ब्लेड घेतलं. तासलं. पुन्हा तासलं. काळं गेलं नाही. त्यानं ब्लेड खाली ठेवलं. हसला नाही, ह्याचाच मला राग आला. मला आतल्या खोलीत नेलं, जांघेत गाठी आहेत का चाचपलं. दुश्मनानं असं चाचपावं, हेही भोगलं. म्हणाला, नुसतं बघून सांगता येत नाही, नसेलही. पण उद्याच परभणीला या, तुकडा काढून तपासायला पाठवू, उशीर नको.
दारात सुमन उभी होती. डोळ्यांत पाणी. हेच पाणी मला हवं होतं. म्हणाली, बन्सीदादा, जाऊन या.
दादा.

२८ नोव्हेंबर, सकाळी
हा सगळा डॉक्टरचा कट आहे. बिब्बाच निघणार. रिपोर्ट मुंजाजीच्या हॉटेलात चिकटवणार आहे.
माय चुलीपुढं बसून एकच घोकायलीय, माझ्याच हातानं चटका दिला रे. तिला सांगितलं, बिब्ब्यानं काही होत नाही, माय. मग डाग बिब्ब्याचाच ना, म्हणाली. मी पुस्तक काढलं.
पुस्तकाचं पुढचं पान उलटलं. उपचार वाचला. चारच ओळी आहेत.
बाहेर जीप आली. व्यंकटराव स्वतः आलेत. हॉर्न न वाजवता थांबलेत. एवढा सभ्यपणा त्यांना शोभत नाही. परत आलो की त्यांच्यापासूनच सुरुवात.
टाचेच्या पट्टीमुळं उजव्या पायात चप्पल जात नाही. हातात घेतो. पुस्तक आतच राहू दे. निघालो. दार ओढून घेतो.