पांढरीच्या पोटातली जागा

नदीकाठचं उपकेंद्र, ता. चामोर्शी
१८ एप्रिल २०२४

ती. भाऊस,
साधनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून मला या वयात पुन्हा पाकिटं आणि तिकिटं आणावी लागली. पोस्टातल्या झाडूभाऊंनी काळजीने विचारलं की काऊन बाई, कोर्टाचं काही होय का. भावाला लिहून राह्यली म्हटल्यावर त्यांना जास्तच संशय आला.

तुझ्या अंगणात बाभळीखाली पांढरी पडून आहे ना? तलावावरचं काम संपल्यावर ठेकेदार तुला देऊन गेला ती फायबरची बोट. ती मला या पावसाळ्यात नदीवर हवी आहे. मागच्या वर्षी वैनगंगेच्या पुराने आमची चार गावं तीन दिवस तुटली. बुधरी कळा घेत दीड दिवस शाळेच्या ओट्यावर होती आणि त्या धारेत डोंगा घालायला कोणी धजेना. मूल मेलेलं जन्मलं. मी तेवीस वर्षं नर्स आहे, पण त्या दिवशी थकले ती अजून थकलेलीच आहे.

बुधरीला पुन्हा दिवस गेले आहेत आणि तिचे दिवस भरतात जुलैअखेर. तिने मला विचारलं की बाई, या टायमाले तरी होईल ना. मी हो म्हटलं. नर्सने असं हो म्हणू नये, हे मला माहीत आहे.

एक संस्था इंजिन द्यायला तयार आहे. कोणतं, ते आपण मेअखेर लिहून द्यायचं. पांढरीच्या पोटातलं जुनं डिझेल दुरुस्त करून घ्यायचं, मागे एक मोठं पेट्रोलचं टांगायचं, की दोन लहान? एकतीस वर्षं तू इरईच्या तलावावर बोट चालवलीस. मला यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची ताकदही उरलेली नाही. तूच सांग.

अंजनावहिनीला जयभीम. माया असू दे, आणि रागवायचं असेल तर सावकाश रागव.

तुझी,
साधना


मोहर्ली
२५ एप्रिल २०२४

चि. साधना हिस,
श्रावणचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. इथे सफारीचा हंगाम जोरात आहे. पहाटेपासून जिप्स्या धूळ उडवतात आणि मी ओट्यावर बसून ती धूळ खातो. कोणी काही विचारलं तर अंजनाच माझ्या वतीने उत्तर देते. मी काय म्हणालो ते मला नंतर समजतं.

पांढरी खुशाल घेऊन जा. इंजिनाचं विचारशील तर पोटातलं डिझेलच चांगलं. दोनशे ऐंशी किलोचं लोखंड बरोबर मधोमध, तळाशी. बोट हेलकावत नाही, दमात चालते. डिझेल भडकत नाही, ट्रॅक्टरवाल्या कोणाच्याही घरी मिळतं, आणि ते इंजिन खेड्यातला मिस्त्रीही खोलू शकतो. मागे टांगायची पेट्रोलची इंजिनं दोन तऱ्हेची. टू-स्ट्रोक हलकं आणि जोराचं, पण पेट्रोल ढोसतं आणि धूर ओकतं. तेल मिसळायला एकदा विसरलात की ते कामातून गेलं. फोर-स्ट्रोक जड, पण कमी पितं, आणि म्हणे आवाज करत नाही. मला त्याचं काय कौतुक.

दोन लहान लावली तर एक बंद पडल्यावर दुसरं घरी आणतं, असं लोक सांगतात. संथ पाण्यात आणतं. धारेत एकट्या लहानाचा जोर पुरत नाही, आणि शेपटीवर ओझं मात्र दुप्पट. तेव्हा जुनंच ठेवा. मी इथे महिनाभरात ते खोलून बसवून देतो. मला दुसरं काम तरी काय आहे.

जेवत जा वेळेवर. आमच्यावर लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ,
श्रावण


उपकेंद्र
४ मे २०२४

ती. भाऊस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र झिंगूभाऊला वाचून दाखवलं. पांढरी तोच चालवणार. चाळिशीतला आहे, या नदीत मासे धरत मोठा झालेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं की पंखा कुठी रायते. बोटीच्या पोटाखाली, असं सांगितल्यावर म्हणाला की मग पयल्याच धुऱ्यावर तुटते, बाई.

पुरात आम्ही गावातून निघतो ते धानाच्या बांध्यांवरूनच. वर मांडीभर पाणी, खाली मातीचे बुडालेले धुरे आणि काट्याची कुंपणं. मागे टांगलेलं इंजिन तिथे वर उचलता येतं, पोटाखालचा पंखा उचलता येत नाही. तुझ्या तलावात धुरे नव्हते, भाऊ.

आणखी एक बोलते, वाईट वाटून घेऊ नकोस. त्याच डिझेलने तुझे कान नेले. एकतीस वर्षं ते तुझ्या पायाशी धडधडलं आणि तू साधा कापूस घातला नाहीस. त्याची एवढी माया कशाला? गावात सगळे विचारतात की भाऊचं काय पत्र आलं. बुधरी विचारत नाही, नुसती दाराशी येऊन उभी राहते.

वहिनीच्या हातच्या लोणच्याची आठवण येते, हे तिला सांग. विसरू नये, एवढंच मागणं.

साधना


मोहर्ली
२५ मे २०२४

चि. साधना हिस,
आशीर्वाद आणि जयभीम.

धुऱ्यांचं मला सुचलं नाही. झिंगूला माझा जोहार सांग. त्याचं बरोबर आहे.

मागे टांगायचं तर शेपटीची फळी धड हवी. फायबरच्या आत लाकूड असतं, ते कुजलं तरी वरून दिसत नाही. नाण्याने वाजवून पाहायचं. टणटण वाजलं तर चांगलं, बद वाजलं तर गेलेलं. मी वाजवत गेलो आणि अंजना ऐकत गेली. डाव्या कोपऱ्याशी तिने नाही म्हणून मान हलवली. मी तीनदा वाजवलं, तिने तीनदा मान हलवली. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण माझ्या कामात तिने मला पहिल्यांदाच नापास केलं. कापून पाहिलं तर लाकडाचा भुसा. सागाची नवी फळी घातली, वर फायबरची कापडं चढवली. पंधरा दिवस गेले आणि कमरेने संप केला.

संस्थेला लिहून दे: एकच, चाळीस घोड्यांचं, फोर-स्ट्रोक. दुसऱ्या इंजिनाऐवजी दोन वल्ही आणि एक लांब बांबू जवळ ठेवा. जुनं इंजिन काल साखळीने बाहेर काढलं. त्याची बैठक बोटीत तशीच आहे, रिकामी. पांढरीला घेऊन ट्रॅक्टर बुधवारी निघेल, सावली गावी मुक्काम करील. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

सगळ्यांवर तुझी नजर असतेच, आमच्यावरही असू दे.

श्रावण


उपकेंद्र
२४ जून २०२४

ती. भाऊस,
जयभीम.

सगळे जिवंत आहोत, हे आधी लिहिते. काल नवं इंजिन टांगून पांढरी डोहात उतरवली. हळू चालत होती तोवर काठावरचे लोक टाळ्या वाजवत होते. झिंगूभाऊने जोर दिला आणि बोटीचं नाक उभंच राहिलं. तो ओरडला की मले आभायच दिसून राह्यलं. शेपूट खाली बसली, मागून पाणी आत आलं, आणि समोरचा खडक त्याला दिसलाच नाही. बोट घासली आणि मी पिशवीसकट पाण्यात. गुडघा सुजला आहे. बीपीचं यंत्र गेलं. बोटीला लांब चरा पडला, भोक मात्र नाही.

बुधरी काठावर होती. पोटावर पदर ओढला आणि घरी गेली. गुडघ्यापेक्षा मला ते जास्त लागलं. गावात आता म्हणतात की डोंगाच बरा होता.

काय चुकलं ते लवकर कळव. लोभाचं पुढच्या पत्रात लिहीन, आज हात चालत नाही.

साधना


मोहर्ली
३० जून २०२४

चि. साधना हिस,
जयभीम.

काय चुकलं ते मला आधीपासून माहीत होतं.

मधलं दोनशे ऐंशी किलो काढलं आणि शेपटीला शंभर टांगलं, की नाक वर जाणारच. पत्र लिहिताना ते माझ्या पेनाच्या टोकाशी होतं आणि मी लिहिलं नाही. वाटलं, एकदा त्रास होऊ दे, म्हणजे तुम्हीच म्हणाल की भाऊ, तुझं जुनंच बरं होतं. तू पाण्यात पडशील असं मनात आलं नाही. यायला पाहिजे होतं. मला स्वतःची लाज वाटते.

कान गेल्यावरही ते इंजिन मला तळपायातून कळत होतं. पट्टा सैल झाला, डिझेलमध्ये कचरा आला, सगळं पायाला समजायचं. जमिनीवर मी बहिरा म्हातारा आहे, बोटीत नव्हतो. नवं इंजिन मागे बाहेर लटकतं, अंगाला काहीच लागू देत नाही. ते बसलं की मी कुणाच्या कामाचा नाही, एवढंच डोक्यात घेऊन बसलो. बुधरीचं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, तरी.

जुन्या बैठकीवर वाळूची पोती आवळून बांधा. पेट्रोलची टाकी नाकाकडे न्या. म्हणजे बोट सरळ चालेल. अंजनाला मी हे सांगितलं. तिने दोन दिवस माझ्याशी हातवारेसुद्धा केले नाहीत.

लोभ मागायचं तोंड नाही. गुडघा शेकत जा.

श्रावण


उपकेंद्र
६ जुलै २०२४

भाऊ,
जयभीम.

मी रागावले आहे, आणि हल्ली मला रागाचाही शीण येतो.

वाळू भरून पाहिली. नाक खाली राहतं, पण पोती कितीही आवळून बांधली तरी ओली झाली की ढिली पडतात, वळणावर एका अंगाला सरकतात आणि बोट कलते. झिंगूभाऊ म्हणतो की मी नदी पाहू का पोते पाहू. मध्ये बसणारं, पोत्यांवर लक्ष ठेवणारं, बोट कलली की उलट्या अंगाला सरकणारं, पाण्याला न भिणारं माणूस हवं. या गावात तसं कोणी नाही. मोहर्लीत एक आहे असं ऐकते.

वहिनीला विचारून ये. माफ केलं की नाही, ते तू आल्यावर पाहू.

साधना


उपकेंद्र, ता. चामोर्शी
२५ जुलै २०२४

प्रिय अंजना,
जयभीम.

अडतीस वर्षांत तुला पत्र लिहायची पाळी आली नाही, कारण मी कुठे गेलोच नाही. पत्रात तुला काय म्हणायचं तेही कळेना, म्हणून प्रिय लिहिलं. हसू नकोस.

मंगळवारी पाणी चढलं आणि काल सकाळी बुधरीला कळा लागल्या. झिंगू मागे इंजिनाशी, मी जुन्या इंजिनाच्या बैठकीवर, माझ्या दोन्ही अंगांना दोन-दोन पोती. बुधरीचं डोकं माझ्या मांडीवर, कारण दुसरी जागाच नव्हती. साधना तिच्या पायाशी. बांध्यांवरून झिंगूने इंजिन उचलून बांबूने रेटत आणलं आणि नदीला लागल्यावर खाली सोडलं. मी त्या लोखंडाच्या पाचव्या हिश्श्याचाही नाही. पण बोट कलली की मी सरकत होतो, लोखंड सरकत नव्हतं. नाक खाली राहिलं.

अर्ध्या धारेत साधनाने हात वर केला. झिंगूने जोर कमी केला. मला काही ऐकू येत नव्हतं. बुधरीचं तोंड उघडं होतं, साधनाचं हलत होतं, मग दोघींचीही तोंडं मिटली. मला वाटलं, गेलं. मागच्या वर्षीसारखंच. साधना रडत होती, पण ती हल्ली नुसती दमली तरी रडते, त्यावरून काही समजेना. मग तिने मूल फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं, कारण तिला बुधरीकडे बघायचं होतं. मी त्याच्या छातीवर तळहात ठेवला. आत बारीक थरथर होती, मधेच दम घेऊन पुन्हा. ते रडत होतं, अंजना. जोरात रडत होतं, आणि मला ते हाताला कळत होतं.

मुलगी आहे. पलीकडे गाडी उभी होती, दोघींना दवाखान्यात नेलं, दोघी बऱ्या आहेत. साधनाने मला माफ केलं असं अजून म्हटलेलं नाही. रात्री माझे पाय मात्र कढत पाण्याने शेकून दिले.

नदी उतरेपर्यंत मी इथेच राहीन म्हणतो. फार थकलो आहे. अंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं जुनं इंजिन भंगारवाल्याला देऊन टाक. माझी वाट पाहू नकोस, नेऊ दे त्याला.

तुझा,
श्रावण