जेरे गोड बोलू लागला

एन्डोला, ४ जून

ती. वन्संना मुवाबाचा सा. न. वि. वि.

तुमच्या भावाच्या गळ्यातली नळी तशीच आहे, श्वास यंत्रावर. बोलता येत नाही म्हणून पाटी दिलीय, पण आता तीही हातात घेत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. खोकून कफ काढा म्हणून विनवलं की डोळे मिटतात. जोर केला नाही तर यंत्र सुटणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. नर्सबाई मात्र म्हणतात, इतका शहाणा रुग्ण वॉर्डात दुसरा नाही. मीही म्हणते, देवाने शांती दिली.

खाणीतले सोबती जेरेभावजी आले होते. नेहमीसारखे थट्टेने चिडवू लागले, काय रे कंपांबा, माकडखाऊ, तुम्हा बेंबांना आता श्वासही दुसऱ्याने घेऊन द्यायचा का? यांनी मान फिरवली. मी भावजींना बाहेर नेऊन सांगितलं, आजाऱ्याशी गोड बोला. तेव्हापासून बिचारे हळू बोलतात.

माया आहे ती असू द्या.
मुवाबा

कासामा, ९ जून

चि. मुवाबास अनेक आशीर्वाद.

शांती कसली? बेंबा आणि न्गोनी जमातींनी एकमेकांना चिडवायचं आणि एकमेकांची मयतही पुरायची, ही पिढ्यांची रीत; आणि न्गोनीने डिवचल्यावर बेंबा गप्प राहिला, हे तुला शहाणपण वाटलं? आमच्या बापाला पुरतानाही हा जेरेला उंदीरखाऊ म्हणत होता. मी मेट्रन होते. असे शहाणे रुग्ण पुष्कळ पाहिलेत. हे मनाचं दुखणं आहे आणि त्यालाही औषध असतं. एवढ्या आजारात उदास कोण नसतं, असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. मरावंसं वाटतं का, हे डॉक्टरीणबाईंना सरळ विचारायला लाव. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. असलेलं बाहेर येतं. माझे गुडघे धड असते तर मीच आले असते.

रडत बसू नकोस. रागावते तेवढीच माया करणारी,
मुकुका

एन्डोला, १७ जून

ती. वन्संना सा. न. वि. वि.

विचारलं. बाईंनी आधी भ्रम तर नाही ना, ते तपासलं. माणसं, वार, सगळं ओळखतात. मग तो प्रश्न विचारला. यांनी मान हलवली, हो. मी बाहेर जाऊन कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेचं टोक तोंडात कोंबलं.

झोपेचं एक औषध बंद करून मनाचं सुरू केलंय. गुण यायला काही आठवडे लागतील. पलंग खिडकीशी हलवलाय. काय वाटतं, असं बाईंनी विचारलं तेव्हा यांनी पाटीवर लिहिलं, जेरेसुद्धा गोड बोलतो, म्हणजे मी संपलो.

वन्सं, गोड बोला असं मीच सांगितलं होतं! भावजींना निरोप धाडला, तोंड मोकळं सोडा. आज दारातूनच ओरडले, तुला पुरायचा मान माझा, पण मला यंदा सवड नाही, ऊठ! मग यांनी पाटी मागितली. लिहिलं, उंदीरखाऊ, आधी हात धू.

भावजी खदखदले. यांचा आवाज नाही, पण खांदे हलले. आणि हसता हसता खोकला आला, बाई रोज मागत होत्या तो.

उद्या पुन्हा भिंतीकडे वळतील, मला ठाऊक आहे. तुम्ही रागावत राहा.

तुमची मुवाबा