तांब्या सांडला

टोकावडे, ५ जानेवारी २०२५

ती. गोजाबायस धाकट्या भावाचा, कुंडलिकचा वाकून नमस्कार.

तू पाठवलेल्या तिसऱ्या डब्याचं झाकण काही केल्या निघत नाही. गरम पाणी झालं, सुरी झाली, शेजारच्या नरेंद्रचे दात झाले. जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं मारक्या बैलांचे जबडे उघडलेल्या माणसाला एका डब्यानं हरवावं, हा अन्याय आहे. आत कुळीथ आहे, हे मात्र न उघडता कळतं. मुतखडा काढला असं सांगितल्यापासून सारा गाव मला कुळीथ पाजतोय. पिठी, काढा, माडगं. गुण एकच, लघवी वाढते. आता पुरे कर. यंदा म्हसा गावच्या जत्रेलाही येत नाही.

माया राहू दे, कुळीथ थांबव.
कुंडलिक

आटगाव, ११ जानेवारी

चि. कुंडलिकास गोजाबायचे आशीर्वाद.

झाकण दाबून फिरवायचं असतं, शहाण्या. फोन केला असता, पण सून सारिका स्पीकर लावते नि सगळी आळी ऐकते. म्हणून कागद. आपल्याकडं कुणाचा खडा निघाला की बाटलीत घालून आल्यागेल्याला दाखवतात. माझ्या जावेच्या भावाचा तर देवीच्या फोटोशेजारी ठेवलाय. तुझा कुणीच बघितला नाय. तुमच्या गावची जना परवा आलेली. सांगत होती, तू चादरी घरात वाळत घालतोस, दाराला आतून कडी लावतोस. बायको असती तर तिला विचारलं असतं. लग्नच केलं नाय तू, म्हणून तुलाच विचारते. काय झालंय?

जिवाला जप.
गोजा

टोकावडे, १६ जानेवारी

ती. गोजाबायस नमस्कार.

खडा नव्हता. पुरुषाला मूत्राशयाखाली एक गाठ असते, प्रोस्टेट म्हणतात. माझीत कॅन्सर निघाला. नोव्हेंबरात मुंबईला ऑपरेशन झालं. सोबत कोण, असं नर्सनं विचारलं की मी सांगायचो, माणूस खाली चहाला गेलाय. सुट्टी होईपर्यंत तो माणूस चहाच पीत होता.

तेव्हापासून लघवी धरवत नाही. खोकलो, हसलो, वाकलो की गळते. मोठ्या माणसांचे डायपर मुरबाडहून आणतो आणि दुकानदाराला सांगतो, आई अंथरुणाला खिळलीय. आई जाऊन किती वर्षं झाली, तुला माहीत आहे. तिच्या नावावर खपवताना माझी जीभ अडखळत नाही, एवढा निर्ढावलोय.

आता रक्तातला आकडा पुन्हा वाढलाय. त्यावर पुरुषी हार्मोन बंद करणारं इंजेक्शन आहे. जन्मभर मी बैल खच्ची केले. हे तेच, फक्त चिमटा नाही. सत्तावीसला बोलावलंय. डॉक्टर म्हणाले, पुढचं समजावून सांगायचंय, घरचं माणूस आणा. न आलात तर कॅन्सर हाडात जाईल, असंही म्हणाले. पण माणूस कुठून आणू, आणि त्याच्यासमोर हे सगळं कसं ऐकू? न जायचं ठरवतोय.

हे पत्र वाचून चुलीत घाल.
कुंडलिक

आटगाव, २० जानेवारी

चि. कुंडलिकास आशीर्वाद.

चुलीत घातलं. म्हशाला मामाच्या लग्नात पाव्हण्यांची गोधडी तू भिजवलीस, आठवतं? शाळेत जायला लागला होतास. मी सांगितलं, माझ्या हातून तांब्या सांडला. आबांनी पंगतीसमोर मला दोन थोबाडीत दिल्या. तेवढं येणं आहे तुझ्याकडं. ते फेडल्याबिगर मरायचं नाय.

सव्वीसला मुक्कामी येते. सारिकाला सांगितलंय, खडा बघायला जाते.

लोभ तर आहेच, भात टाकून ठेव.
गोजा

टोकावडे, ३० जानेवारी

ती. गोजाबायस नमस्कार.

इंजेक्शन मानवतंय. समोर सांगायचं राहिलं, ते लिहितो.

जाताना एसटीत मी खच्ची केलेल्या बैलाचं सांगितलं. बैलाचं नाव काय होतं विचारलंस, कुंडलिक म्हटल्यावर तू डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलीस. मुरबाडला कंडक्टरनं ओली सीट बघून आवाज चढवला, हे कुणी केलं म्हणून. तू पदर पुढं ओढून खाली बघत बसलीस. माझ्या बाजूची सीट कोरडी होती, बाय. डायपर इमानाला जागला होता.

मी उठून सांगितलं की माझं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, सीट मी ओली केली. मागं आमच्या गावची माणसं होती. नरेंद्रही होता. संध्याकाळपर्यंत खड्याची गोष्ट गावात मेली. आज चादर अंगणात वाळत घातली. लाज वाटलीच. जाणारे येणारे चादरीकडं न बघण्याची फार काळजी घेतात.

थोबाडीत दोन होत्या ना? त्यातली एक फिटली असं धर.

दुसरीसाठी पुढच्या इंजेक्शनाला ये.
तुझा कुंडलिक